हुकमाची वाट पाहणाऱ्या नौका: कोब्रा वादळ, डिसेंबर १९४४

१८ डिसेंबर १९४४ रोजी, फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या पूर्वेला खुल्या समुद्रात, अमेरिकेच्या तिसऱ्या आरमारातल्या तीन विनाशिका भर दिवसा उलटल्या आणि बुडाल्या. स्पेन्स, हल आणि मोनाहन. शत्रूची एकही गोळी त्यांना लागली नव्हती. त्यांना बुडवले ते पुढे ‘कोब्रा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या चक्रीवादळाने. त्या वादळात एकूण ७९०च्या आसपास नौसैनिक गेले. बुडालेल्या तिन्ही नौकांवरची मिळून जेमतेम ९२ माणसे जिवंत सापडली: हलची ६२, स्पेन्सची २४ आणि मोनाहनची अवघी ६. शिवाय १४६ विमाने मोडली, जळाली किंवा समुद्रात गेली आणि आणखी नऊ जहाजांची मोठी मोडतोड झाली. पॅसिफिक आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल चेस्टर निमित्झ यांनी नंतर लिहिले की ऑगस्ट १९४२ मधल्या सावो बेटाजवळच्या पराभवानंतर, मोबदल्यात काहीही पदरात न पडता झालेले हे सर्वांत मोठे नुकसान होते.

मोनाहनचा शेवट मला विशेष लागतो. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडत असताना हीच नौका बंदरातून बाहेर पडत होती आणि वाटेत तिने एका बुटक्या जपानी पाणबुडीला धडक देऊन बुडवले होते. तिथपासून तीन वर्षे ती जवळजवळ अखंड लढाईत होती. इतकी मुरलेली नौका एका सकाळच्या वाऱ्याने कशी जाते?

वादळ मोठे होते, एवढे उत्तर पुरत नाही. त्याच वादळात शंभराहून अधिक जहाजे होती आणि बहुतेक तरली. मोनाहनच्याच वर्गातल्या ड्यूई आणि एलविन या दोन नौका जवळपास तसेच हाल सोसून परत आल्या. या प्रकरणाचे कागद वाचताना मला एक धागा दिसत गेला. बुडालेल्या नौका कशाची ना कशाची वाट पाहत होत्या. तेलाची, हुकमाची, वरून येणाऱ्या हवामानाच्या बातमीची. आणि वाचलेल्या माणसांच्या मागे बहुतेक ठिकाणी असा कुणीतरी आहे, ज्याने वाट पाहणे सोडून दिले.

आरमार तिथे का थांबले होते

तिसऱ्या आरमाराचे प्रमुख अ‍ॅडमिरल विल्यम हॉल्सी न्यू जर्सी या युद्धनौकेवर होते. त्यांच्या हाताखाली व्हाइस अ‍ॅडमिरल जॉन मॅकेन यांचा विमानवाहू नौकांचा ताफा. १५ डिसेंबरला अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थर यांच्या फौजा फिलिपिन्समधल्या मिंदोरो बेटावर उतरल्या होत्या. लुझॉनवरच्या जपानी धावपट्ट्यांवरून विमाने उठू न देणे हे हॉल्सींचे काम. ऑक्टोबरपासून जपानी वैमानिक विमानासकट जहाजांवर आदळू लागले होते, त्यामुळे प्रत्येक विमान जमिनीवरच गाठणे ही गरज झाली होती. १४ ते १६ डिसेंबर असे तीन दिवस हल्ले करून ताफा तेल भरायला पूर्वेकडे सरकला. १९ तारखेला परत येऊन हल्ले सुरू करू, असा शब्द मॅकआर्थर यांना दिलेला होता.

हॉल्सींवर टीका करताना हा शब्द विसरता येत नाही. किनाऱ्यावरच्या सैनिकांच्या डोक्यावर छत्र धरायचे होते. म्हणूनच १७ आणि १८ तारखेचे त्यांचे सगळे निर्णय ‘आज तेल भरलेच पाहिजे’ या एका वाक्याभोवती फिरत राहिले.

विनाशिका ही वेगवान पण तेलाला हावरी नौका. मोठ्या नौकांच्या सोबत धावायचे तर दर काही दिवसांनी तेलवाहू जहाजाशेजारी किंवा एखाद्या मोठ्या युद्धनौकेशेजारी जाऊन, चालता चालता नळीने तेल घ्यावे लागते. दोन्ही जहाजे समान वेगाने, मध्ये थोडेसेच पाणी ठेवून चालतात. समुद्र शांत असला तर हे रोजचे काम. १७ तारखेला समुद्र शांत नव्हता. लांबून उंच लाटांची मोठी फुगवटी येत होती आणि वारा तिला आडवा होता. स्पेन्स न्यू जर्सीच्या अंगाला लागली. लाटांनी तिला आत-बाहेर फेकायला सुरुवात केली आणि तेलाच्या नळ्या तुटल्या. इतर नौकांच्याही तुटल्या. दुपारी तेल भरणे थांबवावे लागले. तेव्हा स्पेन्सच्या टाक्यांत सुमारे १५ टक्केच तेल शिल्लक होते.

टाक्या रिकाम्या, वजन वर

इथे जरा थांबून नौकेच्या पोटात डोकावायला हवे, कारण सगळा घात तिथेच आहे.

विनाशिका अरुंद आणि लांब असते. तिचा तोल राहतो तो खालच्या वजनावर. यंत्रे आणि तळाच्या टाक्यांतले तेल हेच ते वजन. तेल जळत जाते तसा तळ हलका होतो आणि वर तोफा, डेक, रडार, डोलकाठी तेवढेच जड राहतात. त्यातून टाकी अर्धवट भरलेली असली तर तोटा दुहेरी: अर्ध्या भरलेल्या हंड्यातले पाणी चालताना जसे एका अंगाला धावते आणि डोईवरचा हंडा कलवते, तसेच टाकीतले तेल नौका कलली की कललेल्या बाजूलाच धावते आणि तिला आणखी कलवते.

यावर उपाय जुना आहे. रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरायचे. खलाशी याला बॅलास्ट भरणे म्हणतात. मग स्पेन्सने तो का केला नाही? कारण ती तेलाची वाट पाहत होती. टाकीत खारे पाणी घेतले की तेल घेण्याआधी ते उपसावे लागते, त्यात वेळ जातो, आणि टाकीत राहिलेले पाणी तेलात मिसळून भट्ट्यांना त्रास देते. तेल कोणत्याही क्षणी मिळेल, आज नाही तर उद्या पहाटे नक्की, असे सांगितले जात असताना टाक्या खाऱ्या पाण्याने भरून ठेवणारा कॅप्टन ताफ्याला उशीर करणारा ठरला असता. स्पेन्सचे कॅप्टन लेफ्टनंट कमांडर जेम्स अँड्रिया तरुण होते. त्यांच्या जागी असलेल्या माणसाला ही भीती किती मोठी वाटत असेल, हे समजायला युद्धावर जावे लागत नाही. पण हिकॉक्स आणि मॅडॉक्स या दोन विनाशिकाही तेलाने अशाच तळाला गेल्या होत्या. त्यांनी बॅलास्ट घेतला. दोन्ही वाचल्या.

हल आणि मोनाहनची गोष्ट वेगळी. त्यांच्या टाक्यांत ७० टक्क्यांहून जास्त तेल होते. नेहमीच्या नियमाने एवढे असताना बॅलास्टची गरज नसते, म्हणून त्यांनी तो घेतला नाही. पण या नौका फॅरागट वर्गाच्या, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या आखणीच्या. युद्ध सुरू झाल्यावर त्यांच्या डेकवर विमानविरोधी तोफा वाढल्या, रडार आले, दारूगोळा वाढला. प्रत्येक वाढीला कारण होते आणि प्रत्येक वाढ वरच्या बाजूला होत होती. कागदावरचा जुना नियम ज्या नौकेसाठी लिहिला होता, ती नौका आता उरली नव्हती.

ड्यूईवर मात्र कॅप्टन रेमंड कॅल्हून आणि तिच्यावरच असलेले विनाशिकांच्या तुकडीचे प्रमुख प्रेस्टन मर्सर यांनी नियमाची वाट पाहिली नाही. त्यांनी तेल वाऱ्याकडच्या बाजूच्या टाक्यांत वळवले, पाणी भरले आणि जास्तीत जास्त वजन वाऱ्याच्या अंगाला आणि तळाला नेले. पुढे जे झाले ते बघता या कामाला एका नौकेच्या किमतीचे मोल होते.

वादळ कुठे आहे?

हॉल्सींच्या सोबत कमांडर जॉर्ज कॉस्को हे हवामानतज्ज्ञ होते. शिकलेला, चक्रीवादळांचा अभ्यास केलेला माणूस. पण त्यांच्या हातात काय होते? आज आपण मोबाइलवर उपग्रहाचे चित्र पाहतो आणि वादळाचा डोळा दाखवतो. १९४४ मध्ये पॅसिफिकचा तो भाग जवळजवळ आंधळा होता. जपानच्या ताब्यातल्या मुलखातून बातमी येत नव्हती, जहाजे शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून रेडिओवर गप्प होती, आणि गस्ती विमानाने पाहिलेली गोष्ट सांकेतिक भाषेत, निरनिराळ्या टप्प्यांवरून, तासन्‌तास उशिराने पोचत होती. त्यातून हे वादळ आकाराने लहान आणि घट्ट होते. अशा वादळाची लांबून चाहूल कमी लागते आणि जवळ आले की एकदम झडप पडते.

कॉस्को यांचा अंदाज होता की वादळ बरेच पूर्वेला आहे आणि थंड हवेच्या पट्ट्याला टेकून ईशान्येला वळेल. ते वळले नाही. पश्चिम-वायव्येला सरळ येत राहिले. १७ तारखेच्या दुपारपासून १८ च्या पहाटेपर्यंत तेल भरण्याच्या भेटीची जागा पुन्हापुन्हा बदलली गेली, ताफा कधी वायव्येला कधी दक्षिणेला वळला, आणि शेवटी जाऊन पडला तो नेमका वादळाच्या वाटेवर.

समुद्राचे जुने ज्ञान मात्र उपलब्ध होते. चक्रीवादळात वारा कसा फिरतो आणि जहाजाने कुठे वळावे याचे नियम हेन्री पिडिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या कोलकात्यात बसून, बंगालच्या उपसागरातल्या जहाजांच्या नोंदी चाळून मांडले होते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, वादळाचे केंद्र तुमच्या उजव्या हाताला, थोडे मागे असते. वाऱ्याची दिशा बदलत नाही आणि बॅरोमीटरचा पारा मात्र उतरत चालला, तर वादळ थेट तुमच्यावर येत आहे. यासाठी रेडिओ लागत नाही. निमित्झ यांना नंतर सर्वांत जास्त हेच खटकले. पूर्वी शिडाच्या जहाजाचा कप्तान बॅरोमीटर, लाटा आणि आभाळ पाहून स्वतः ठरवायचा, आता अधिकारी दुसऱ्या कुठून तरी येणाऱ्या बातमीवर विसंबू लागले आहेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

या टीकेत तथ्य आहे, पण ती तरुण कप्तानांवर थोडी अन्यायही करते. समजा हलच्या कॅप्टनला पहाटे पाचला नेमके कळले असते की वादळ कुठे आहे. त्याला ताफ्यातली जागा सोडून एकट्याने निघता आले असते का? सोडली तर चौकशी. न सोडली तर काय, ते सगळ्यांनी पाहिले.

१८ तारखेची सकाळ

पहाटे पुन्हा तेल भरायचा प्रयत्न झाला आणि सोडून द्यावा लागला. आठ वाजून गेल्यावर हॉल्सींनी मॅकआर्थर यांना १९ चे हल्ले होणार नाहीत असे कळवले. म्हणजे ज्या शब्दासाठी ताफा इथे धरून ठेवला होता, तो शब्द सकाळी आठलाच मोडला होता. तरीही ताफा एका ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या रचनेत चालत राहिला. ज्याने त्याने आपापल्या नौकेला झेपेल ती दिशा घ्यावी, ही परवानगी दुपारी बाराच्या सुमारास मिळाली. स्पेन्स तोवर बुडाली होती. आणि हे ‘टायफून’, म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधले चक्रीवादळ, आहे असे आरमाराच्या संदेशात पहिल्यांदा आले ते दुपार उलटल्यावर, तिन्ही नौका गेल्यावर. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जड वाटतात ते हे सकाळचे चार तास.

वाऱ्याचे झोत ताशी १०० सागरी मैलांच्या पुढे गेले. लाटांचे माथे वाऱ्याने कापून नेले, त्यामुळे हवा आणि पाणी यांत फरक उरला नाही. पुढचे जहाज दिसेना. वास्प या विमानवाहू नौकेच्या रडारच्या पडद्यावर वादळाचा डोळा उमटला आणि त्याचे छायाचित्र घेतले गेले. उष्ण कटिबंधीय वादळाच्या रडारवरच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांत ते गणले जाते. माँटेरे या नौकेवर बांधलेली विमाने सुटून एकमेकांवर आदळली आणि आग लागली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड तेव्हा तिच्यावर लेफ्टनंट होते आणि डेकवरून घसरत जाऊन काठाशी थोडक्यात वाचले.

विनाशिकांना मारले ते आडव्या वाऱ्याने. नौका दोन लाटांच्या मधल्या खळग्यात अडकली की नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, वर वाऱ्यात आणता येत नव्हती. वारा नौकेच्या उभ्या अंगावर एवढ्या जोराने रेटत होता की पूर्ण सुकाणू आणि पूर्ण यंत्र लावूनही ती वळेना. मग एकेक लाट तिला आडवी पाडायची. ७० अंशांपर्यंत कललेल्या नौकेत भिंत जमीन होते. धुराड्यांतून, हवेच्या झरोक्यांतून पाणी आत येते, विजेच्या फळ्यांवर पडते, दिवे जातात, पंप बंद पडतात, सुकाणू अडकते. स्पेन्सचे असेच झाले. सुकाणू एका बाजूला अडकले, नौका कलली, थोडी सावरली, पुन्हा कलली आणि उलटलीच. खाली असलेल्यांना वर यायला वेळ मिळाला नाही. अँड्रिया परत आले नाहीत.

हलला वाऱ्याने आडवे पाडून तसेच दाबून धरले. तिचे कॅप्टन लेफ्टनंट कमांडर जेम्स मार्क्स शेवटी पाण्याला टेकलेल्या ब्रिजवरून, म्हणजे नौका चालवण्याच्या जागेवरून, समुद्रात उतरले. मोनाहनचे शेवटचे शब्द ड्यूईवर ऐकू आले: वळायचा प्रयत्न करतोय, पूर्ण वेग लावूनही नौका वळत नाही. कॅप्टन ब्रूस गॅरेट यांचा आवाज त्यानंतर कुणी ऐकला नाही.

ड्यूईसुद्धा ७५ अंश कलली. तिच्या वाऱ्याकडच्या टाक्या भरलेल्या होत्या, तरी ती सावरेल अशी खात्री तिच्यावरच्या कुणालाच नव्हती. तेवढ्यात तिचे पुढचे धुराडे वाऱ्याने मुळापासून मोडून पडले. वरचे वजन गेले, वाऱ्याला धरायला असलेली भिंत गेली आणि नौका हळूहळू उभी राहिली. तिच्या बॅरोमीटरची नोंद २७.३० इंच होती.

पाण्यात

बुडालेल्या नौकांपैकी एकीचीही मदतीची हाक कुणापर्यंत पोचली नाही. संध्याकाळ झाली तरी आरमाराला माहीत नव्हते की तीन विनाशिका आता नाहीत. वादळ पुढे गेले, अंधार पडला, आणि शेकडो माणसे तेलकट पाण्यात कमरेच्या पट्ट्याला किंवा लाइफजॅकेटला लोंबकळत होती. त्यांच्यापैकी कित्येक त्या रात्रीच गेले. लाटांवरचा फवारा श्वासागणिक नाका-तोंडात जात होता आणि अंगातली ताकद संपली की मान पाण्यावर धरता येत नव्हती.

टॅबरर ही छोटी सोबती नौका, विनाशिकेपेक्षाही लहान. जॉन सी. बटलर वर्गाची, त्याच वर्षी मे महिन्यात ताफ्यात आलेली. तिच्यावरचे बरेच जण पहिल्यांदाच समुद्रावर आलेले. कॅप्टन हेन्री ली प्लेज हे राखीव दलाचे, म्हणजे नागरी जीवनातून युद्धापुरते आलेले अधिकारी. टॅबररही ७० अंशांपलीकडे कलली, पण या वर्गाची आखणी नवी होती, तोल जास्त भक्कम होता. ती परत उठली. तिची डोलकाठी मोडली, रेडिओ आणि रडार दोन्ही गेले. दुरुस्तीला बंदर गाठावे अशीच तिची अवस्था होती.

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास डेकवर रेडिओची तात्पुरती तार लावण्याचे काम चालू असताना पाण्यातून माणसाचा आवाज आला, एक दिवा दिसला. आपलाच कुणी पडला असेल असे वाटून त्याला वर घेतले तर तो हलचा. त्याच्याकडून कळले की हल दुपारीच बुडाली. आरमाराला मिळालेली ही पहिली खबर, आणि ती देणारी नौका रेडिओ नसलेली.

प्लेज यांनी तिथल्या तिथे शोध सुरू केला. सर्चलाइट लावला. शत्रूच्या पाणबुड्या फिरत असलेल्या समुद्रात रात्री दिवा लावणे म्हणजे आपला पत्ता देणे, हे त्यांना ठाऊक होते. लाटा अजून उंच होत्या, होडी सोडता येत नव्हती. मग त्यांनी वेगळी रीत काढली. माणूस दिसला की नौका त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला न्यायची, आडवी करायची आणि वाऱ्यानेच तिला त्याच्या अंगावर वाहू द्यायची. नौकेच्या अंगाआड पाणी जरा शांत होते. बाजूला जाळी सोडलेली, आणि कमरेला दोर बांधलेले पोहणारे पाण्यात उतरायचे, कारण बुडणाऱ्याच्या हातात जाळी धरायचे बळ उरलेले नसे. शार्क जवळ आले की वरून रायफली झाडल्या जायच्या. असे एकेक करत, दोन दिवसांहून जास्त काळ शोध चालू राहिला. हलचे ४१ आणि स्पेन्सचे १४ असे ५५ जण टॅबररने काढले. हलचे कॅप्टन मार्क्स त्यांतले एक.

वाऱ्याने वाहत जाणाऱ्या माणसांना शोधण्याची ही पद्धत आपल्याकडच्या वाचकाला अगदीच परकी नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर नौकांनी खवळलेल्या दर्यात लाइफजॅकेटवर तरंगणारी माणसे रात्रभर वेचली आणि पावणेदोनशेहून अधिक जीव वाचले. तेव्हा निदान बुडाल्याची बातमी होती, हेलिकॉप्टर होती. १९४४ मध्ये कुणाला शोधायचे हेच माहीत नव्हते.

मोनाहनची माणसे सर्वांत उशिरा सापडली. डझनभर जणांना एक तराफा मिळाला होता. जखमा, तहान, ऊन. काहींनी समुद्राचे पाणी प्यायले आणि त्यांचे भान गेले. जमीन दिसते म्हणून तराफ्यावरून उतरणारे, परत न येणारे. तिसऱ्या दिवशी, २१ डिसेंबरला, ब्राउन या विनाशिकेने तराफा पाहिला तेव्हा सहा जण उरले होते. मोनाहनवर काय घडले हे जगाला त्या सहांच्या तोंडूनच कळले. ब्राउननेच हलचे आणखी १३ जण उचलले. स्वेअरर या सोबती नौकेने स्पेन्सचे नऊ.

टॅबररने शोध सोडून बंदराची वाट धरली असती तर मोठा शोध आणखी किती उशिरा सुरू झाला असता, याचा विचारही करवत नाही. हॉल्सींनी स्वतः उलिथीला, आरमाराच्या पॅसिफिकमधल्या तळावर, प्लेज यांना पदक लावले. टॅबररच्या सगळ्या माणसांच्या नावे नौदलाचे सन्मानपत्र आले.

चौकशी

२६ डिसेंबरला उलिथीच्या खाडीत कॅस्केड या जहाजावर चौकशी न्यायालय बसले. व्हाइस अ‍ॅडमिरल जॉन हूव्हर अध्यक्ष. निमित्झ स्वतः तिथे आले होते. न्यायालयाने जबाबदारीचा मोठा भाग हॉल्सींवर टाकला. पण त्याचबरोबर असेही नोंदवले गेले की चुका युद्धाच्या ताणाखाली, लष्करी गरज पुरी करण्याच्या स्तुत्य इच्छेतून झाल्या. शिक्षा कुणालाच झाली नाही. मार्क्स यांच्यावरही ठपका आला नाही.

या निकालावर मी बराच विचार केला आहे. १७ तारखेच्या दुपारपर्यंत मी हॉल्सींच्या बाजूने उभा राहू शकतो. वादळ दिसत नव्हते, मिंदोरोवर माणसे होती, तेल संपत होते. पण १८ च्या सकाळी आठनंतर ‘लष्करी गरज’ हे कारण उरलेच नव्हते. त्यानंतर लहान नौकांना रचनेत बांधून ठेवण्याने कुणाचाही फायदा होणार नव्हता. सकाळीच मोकळीक दिली असती तर स्पेन्सला निदान बॅलास्ट घ्यायला आणि वाऱ्याकडे पाठ करून पळायला थोडा वेळ मिळाला असता. ती वाचलीच असती असे नाही. पण प्रयत्न करता आला असता.

आणि ज्या हल्ल्यांसाठी हे सगळे झाले, ते? ताफा पुन्हा तेल भरून २१ तारखेला लुझॉनकडे गेला तेव्हा तेच वादळ तिकडे पुढे गेलेले होते. हवा उडू देईना. हल्ले सोडून ताफा उलिथीला परतला.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजी निमित्झ यांनी आरमाराला एक गोपनीय पत्र लिहिले. नौदलाच्या कागदांत इतके उघड, इतके मनापासूनचे लिखाण क्वचित सापडते. जहाज वाचवण्याचे उपाय हातात बळ आहे तोवरच करायचे असतात, आणि उगाच घाबरलो असे ठरेल म्हणून खबरदारी घेण्यात कंजूषी करणे याहून खलाशाला घातक काही नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. शिवाय लहान नौकांचे अधिकारी वरिष्ठ काय म्हणतील या विचाराने फार वेळ रचनेत राहिले, याची दखलही त्यात आहे. तरुण कप्तानाला ‘तू जागा सोडू शकतोस’ असे आरमाराच्या सर्वोच्च माणसाने लेखी सांगणे, याचे महत्त्व समुद्रावर नोकरी केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

तरीही ५ जून १९४५ ला ओकिनावाजवळ हॉल्सींचा ताफा पुन्हा एका टायफूनमध्ये सापडला. पिट्सबर्ग या क्रूझरची नाळच तुटून वेगळी झाली, ७६ विमाने गेली, सहा माणसे मेली. पुन्हा हूव्हर यांचेच न्यायालय, पुन्हा जबाबदारी हॉल्सींवर. त्यांना पदावरून दूर करण्याचा विचार वॉशिंग्टनमध्ये झाला, पण युद्ध संपत आले होते, देशात त्यांचे नाव मोठे होते, आणि तो विचार तिथेच थांबला. त्याच वर्षाच्या शेवटी ते फ्लीट अ‍ॅडमिरल झाले.

दुसरा बदल कमी गाजावाजाचा आणि जास्त टिकाऊ. १९४५ मध्ये गुआम बेटावर टायफूनचा माग काढण्याचे केंद्र उभे राहिले आणि वादळ शोधायला खास विमाने त्याच्या पोटात जाऊ लागली. पॅसिफिकच्या पश्चिम भागात या फेऱ्या १९८७ पर्यंत चालल्या, मग ते काम उपग्रहांवर आले. १९५९ मध्ये गुआमलाच नौदल आणि हवाई दलाचे संयुक्त टायफून केंद्र स्थापन झाले. आज ते पर्ल हार्बरहून काम करते आणि त्याच्या कक्षेत अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागरही येतात. भारतीय हवामान खात्याचा अधिकृत इशारा वेगळा असतो. पण कोकणच्या किनाऱ्यावर एखादे चक्रीवादळ येऊ लागले की इंटरनेटवर जे नकाशे फिरतात, त्यांतले बरेचसे याच केंद्राचे असतात.